बेटावरच्या घोडीचं स्थळ

जळगावात मे महिन्यात माणसानं जिवंत राहावं, अशी निसर्गाची फारशी इच्छा दिसत नाही. अशाच एका दुपारी वीज गेलेली, मी वरच्या खोलीत ओला टॉवेल छातीवर टाकून पडलेलो आणि खालच्या मजल्यावर आमचे घरमालक नाना इन्व्हर्टरवर कूलर लावून बसलेले. इन्व्हर्टरची एक वायर वर ओढली तर माझाही पंखा फिरेल, अशी नम्र सूचना घेऊन मी खाली उतरलो. नाना बनियनवर, खुर्चीत मांडी घालून बसले होते आणि घामानं निथळत होते. कूलरचं तोंड त्यांच्याकडे नव्हतंच. ते संगणकाकडे होतं.

"सर, ऊन काय पडलंय बघताय ना? आत बठ्ठी, एकूण एक जनावरं उभी आहेत," नाना म्हणाले. "एखादी गाभण घोडी बसली खाली, तर जबाबदार कोण?"

मी जनावर नव्हतो, म्हणून परत वर गेलो.

नाना संगणकावर तट्टं पाळत. हे मी नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी विचारलं, "म्हणजे चित्रं का?" हो, चित्रंच. इंटरनेटवर एक खेळ आहे. त्यात आपला तबेला उभारायचा, घोड्यांना रोज चारा-पाणी द्यायचं, खरारा करायचा, घोडा-घोडीची जोडी लावायची आणि शिंगरू कसं निघतं ते बघायचं. जगभरातली मंडळी तो खेळतात. त्यांतल्या बहुतेक शाळकरी मुली असाव्यात असा माझा अंदाज होता. नाना सत्तरीला टेकले होते, पण त्यांच्याइतकं गंभीर तोंड करून तो खेळ जगात कोणी खेळत नसेल, याची मला खात्री आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. जळगावच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला लागलो आणि खोली शोधत या दारात आलो. तेव्हा नानांनी माझी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही, मी मांस-मच्छी खातो का तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आईचं माहेर कुठलं?" मी सांगितलं. "तिच्या आईचं?" मी आठवून सांगितलं. "तिच्या आईचं?" इथे मी हरलो. नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जणू चोरीचा माल आहे. तरीही खोली दिली. पोलिसांत भाडेकरूची नोंद करताना हल्ली हे सगळं लागत असेल, असं समजून मी पणजीचं गाव घरी फोन करून विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कळवलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

ती सवय धंद्यातली होती. नाना अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातले. पोटासाठी ते तेलाच्या गिरणीत वजनकाट्यावर बसले, पण खरं काम लग्नं जमवण्याचं. धुळ्यापासून रावेरपर्यंत समाजातली निम्मी जोडपी नानांनी जमवलेली आहेत असं म्हणत. उरलेली निम्मी सुखात आहेत, असंही काही जण म्हणत, पण ते नानांच्या पाठीमागे. लग्न जमवल्याबद्दल मानाचं टोपी-उपरणं सोडून नाना कशाला हात लावत नसत. त्यांची एक पद्धत होती. मुलगी बघायला गेले की मुलीकडे ते बघतच नसत. ओट्यावर बसून तिच्या आजीशी गप्पा मारत. "पोरगी कोणालाबी दिसते हो," ते म्हणत. "आजी बघता आली पाहिजे."

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं नाशकात नोकरी करताना कोकणातल्या, दुसऱ्या जातीच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि नंतर फोन करून कळवलं. हे मी तिथे राहायला जाण्याच्या आधीचं. पण नानांकडे त्या वेळी सांत्वनाला जी गर्दी लोटली, तिची वर्णनं अजून गल्लीत चालू होती. माणूस गेल्यावर येत नाहीत एवढे लोक आले. अमळनेरच्या एका जुन्या स्नेह्यांनी चहात बिस्किट बुडवत विचारलं होतं म्हणे, "नाना, हे स्थळ कोणी आणलं?" नाना उठले, दारावरची 'वधू-वर सूचक' ही पाटी काढली आणि माळ्यावर टाकली. त्यानंतर मुलीचं नाव त्या घरात नानांच्या तोंडून निघालं नाही. तिचा फोन आला की नाना तो वाजणारा फोन एखाद्या गरम भांड्यासारखा काकूंच्या हातात देत आणि बाहेर जात. काकू वाळवणाचं ताट घेऊन बोलायला गच्चीवर येत. मी सुरुवातीला समजत होतो की खानदेशात पापड-कुरडया वर्षभर वाळवतात.

संगणक होता तो लग्नं जमवण्यासाठीच घेतलेला. पाटी गेली, संगणक उरला. एकदा कशावर तरी बोट पडलं आणि पडद्यावर इंग्रजी जाहिरात आली. तिच्यात 'मॅच' हा शब्द होता आणि 'पार्टनर' हा शब्द होता. नानांना वाटलं, वधू-वर मंडळ आहे. त्यांनी नाव नोंदवलं. आत घोडे निघाले. दुसरा कोणी असता तर बाहेर पडला असता, पण नानांना तिथे एक गोष्ट दिसली आणि ते तिथेच राहिले. प्रत्येक घोड्याच्या नावावर बोट दाबलं की त्याची वंशावळ उघडत होती. आई, बाप, चारही आज्या-आजे, त्यांचे आई-बाप. काही लपवाछपवी नाही.

"माणसं आजी लपवतात, सर," नाना मला म्हणाले. पडद्यावरच्या आज्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "इथं बठ्ठं उघडं."

त्या खेळात घोड्यांच्या पुष्कळ जाती आहेत. उंच, चमकदार, शर्यती मारणारे घोडे सगळ्यांना हवे असतात. नानांनी निवडलं ते स्कॉटलंडजवळच्या कुठल्याशा बेटावरचं तट्टू. बुटकं, केसाळ, थंड स्वभावाचं आणि शर्यतीत शेवटून पहिलं. जन्मतं तेव्हा काळं असतं, वयात आलं की पांढरं होत जातं. कोणी घेत नाही म्हणून खेळातही त्याची संख्या घटत चालली होती. नवी शिंगरं जन्मली नाहीत तर ती जात यादीतून काढून टाकू, असा इशारा खेळ चालवणाऱ्यांनी दिला होता. नानांनी तो इशारा स्वतःला आलेली नोटीस असल्यासारखा घेतला.

"देखण्याचं लग्न कोणीबी जमवतो," ते म्हणाले. "ज्याला कोणी पुसत नाही, त्याच्यासाठी मध्यस्थ लागतो."

पाटी काढली तरी लोक यायचं थांबले नव्हते. एकदा बोदवडहून एक गृहस्थ आले. मुलगा बँकेत, मुलगी पाहिजे. काकूंनी त्यांना आत बसवलं आणि त्या चहा टाकायला गेल्या. नानांची पाठ दाराकडे, नजर पडद्यावर. पाहुण्यांनी घसा खाकरून म्हटलं, "नाना, आहे का एखादी बघण्यासारखी?"

"आहे ना," नाना वळून न बघता म्हणाले. "उंची कमी शे, पण पाय मजबूत. दात एकदम सरळ."

"रंगानं?"

"आता काळी आहे. मोठी झाली की उजळते."

"मोठी म्हणजे? आता वय किती?"

"तीन पूर्ण."

मी जिन्यात उभा राहून हे ऐकत होतो. पाहुणे उठले तेव्हा चपला घालायला वाकलेसुद्धा नाहीत. हातात घेऊनच फाटकापर्यंत गेले. नानांना हे कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं ते निराळ्याच कारणासाठी. "मुलाची आजी विचारायची राहिली," ते म्हणाले.

आता या सगळ्यात मी कसा आलो? बेटावरची तट्टं नानांकडे थोडी, बाकीची परदेशी माणसांकडे. जोडी लावायची तर त्यांना विचारावं लागे आणि विचारायचं तर इंग्रजीत. नानांच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीचा प्राध्यापक फुकट घाम गाळत पडलेला. नानांनी इन्व्हर्टरची वायर वर दिली आणि मी लेखनिक झालो. विद्यापीठानं माझ्या प्रबंधाची केली नसेल तेवढी कदर त्या पंख्यानं केली.

नाना मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे. मग ते लिहिलेलं पुन्हा मराठीत वाचून दाखवावं लागे, कारण नानांचा दुभाष्यांवर विश्वास नव्हता. अमेरिकेतल्या एका बाईंना आमचं पहिलं पत्र गेलं ते असं: आपला मुलगा आम्हांस पसंत आहे, परंतु त्याची आजी व आमच्या मुलीची आजी सख्ख्या बहिणी निघाल्या, सबब योग नाही, राग नसावा. बाईंनी उत्तरात नुसती हसणारी तोंडं पाठवली.

"हसायला काय झालं?" नाना म्हणाले. "त्यांच्यात चालत असेल."

अशी पाच-सहा स्थळं मोडल्यावर इंग्रिड आली. इंग्रिड नॉर्वेची. नावापुढे तसा झेंडाच होता. तिनं खेळ सोडून जाणाऱ्या कोणाकडून तरी बेटावरचा एक घोडा घेतला होता आणि त्याच्या चार पिढ्यांत नानांच्या घोड्यांशी एकही नातं लागत नव्हतं. नानांनी दोनदा तपासलं. मग मला हाक मारली. आम्ही रीतसर मागणी घातली. तिचं पहिलं उत्तर होतं, "नाही." दुसऱ्या दिवशी, "विचार करते." तिसऱ्या दिवशी, "मुलाकडची मंडळी तयार आहेत, पण मुलगी स्वभावानं कशी आहे ते कळावं." हे वाचून मी हरखलो. माझ्या इंग्रजीनं एका नॉर्वेच्या बाईला स्थळ बघायची भाषा शिकवली होती! महाविद्यालयात मी हा किस्सा इतक्यांदा सांगितला की लोक मला बघून दुसऱ्या जिन्यानं जाऊ लागले.

नानांनी उत्तर दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते संगणकासमोर सदरा घालून बसू लागले. इस्त्रीचा. मला वाटलं, परदेशाशी पत्रव्यवहार म्हटल्यावर माणूस सावरून बसतोच.

लग्न लागलं, शिंगरू झालं आणि पत्रव्यवहार चालू राहिला. आता घोड्यांखेरीजही चार शब्द जात. "तिकडे पाणी कसं आहे, विचारा." "दमट हवेनं खोकला होतो का, विचारा." एकदा नाना म्हणाले, "भरताची वांगी मिळतात का तिकडे, विचारा." मी अडलो. नॉर्वेला भरीत कसं समजावणार? शेवटी भाजण्यास योग्य अशी मोठी, हिरवी वांगी, असं दोन ओळींत लिहिलं. उत्तर आलं: "इथे जांभळी मिळतात. बिया फार. धूर देऊनही चव येत नाही."

उत्तरेकडच्या लोकांची ही जाण पाहून मी थक्क झालो आणि थेट स्वयंपाकघरात गेलो. काकू कळण्याच्या भाकरी थापत होत्या. काकू सावद्याच्या, केळीच्या बागांतल्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना म्हटलं, "काकू, नॉर्वेत लोकांना भरताच्या वांग्यातलं कळतं, आहात कुठे!"

काकूंनी पिठाचा हात तसाच तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमचं नॉर्वे नाशकात आहे. गंगापूर रोडला."

मी पाटावर बसलो.

"आमचीच पोर ती. मीच सांगितलं तिला, बाप दिवसभर घोडे बघत बसतो म्हणून. तर म्हणे, मग मीही तिथेच जाते."

"आणि नानांना?"

"त्यांना काय सांगायचं? आधी नाही म्हणायचं, मग विचार करते म्हणायचं आणि तिसऱ्या दिवशी अट घालायची, हे दुसरं कोण करतं? दुसऱ्या दिवशी सदरा घातला त्यांनी. तेव्हाच मी समजले." भाकरी उलटत त्या एकदम गंभीर झाल्या. "पण तुम्ही काही बोलू नका. एकदा नाव निघालं ना, की दोघं गप्प होतील. घोडे आहेत तोवर बोलणं तरी आहे."

म्हणजे असं होतं: नाना अहिराणीत विचार करून मराठीत सांगत, मी इंग्रजी करत असे, ते कुठल्यातरी परदेशातल्या यंत्रातून फिरून नाशकात जाई आणि तिथे बसलेली मुलगी ते इंग्रजी परत अहिराणीत ऐकत असे. रेल्वेनं चार तासांचं अंतर. आणि या एवढ्या मोठ्या कारखान्यात सगळं ठाऊक नसलेला एकच माणूस होता. तो पीएच.डी. होता.

मी गप्प राहिलो. गप्प राहून लिहिणं फार अवघड गेलं. पूर्वी 'तिकडे थंडी आहे का' हे वाक्य मी सहज लिहीत होतो. आता लिहिताना नानांचं तोंड दिसे आणि ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत असत.

मग भांडण झालं. बेटावरच्या तट्टांची संख्या एवढी कमी की फिरून फिरून नातं यायचंच. शिंगरं किडकी निघू लागली. एक तर जन्मलं आणि त्याच आठवड्यात गेलं. खेळातलं मेलं म्हणजे चित्र काळं-पांढरं झालं, एवढंच. पण नाना दोन वेळा जेवले नाहीत. तेव्हा इंग्रिडनं लिहिलं की आता बाहेरच्या जातीचा एक चांगला घोडा आणून रक्त मिसळावं, नाहीतर ही जात संपेल.

नाना ताठ बसले. "लिहा. ज्यांनी घरात न विचारता बाहेरचं आणलं, त्यांनी आम्हाला कूळ शिकवू नये."

मी लिहिलं की सुचवलेल्या घोड्याबाबत आम्हांस काही शंका आहेत.

"वाचा."

मी वाचलं. अडखळलो असणार, कारण नाना म्हणाले, "मी सांगितलं ते लिहा, सर. तुम्ही भाडेकरू आहात, वकील नाहीत."

जसंच्या तसं गेलं. नॉर्वे गप्प झालं.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. नाना रोज सदरा घालून बसत, तट्टांना चारा देत, पत्रांच्या जागी बोट दाबत आणि उठत. काकूंनी मला चहा देणं बंद केलं. माझी चूक काय, हे विचारायची सोय नव्हती. गच्चीवरचे फोनही थोडक्यात होऊ लागले. एकदा मी कपडे वाळत घालत असताना काकू फोनवर म्हणत होत्या, "अगं, ते घोड्याबद्दल बोलले." पलीकडून काय आलं कोण जाणे, काकूंनी फोन बंद केला आणि डोळ्यांना पदर लावला.

शेवटी एका रविवारी सकाळी नानांनी मला बोलावलं. आणखी एक शिंगरू रात्रीत गेलं होतं. आता शिंगरू घालू शकेल अशी एकच तरणी घोडी उरली होती.

"लिहा," ते म्हणाले. मग आधी एकेका तट्टाला चारा दिला. "लिहा, आणा तुमचा तो बाहेरचा. बघू."

नॉर्वेहून त्याच दिवशी उत्तर आलं. घोडा आला. शिंगरू जन्मलं ते धडधाकट, कोळशासारखं काळं आणि खेळातल्या जाणकारांनी त्याला असे गुण दिले की जगभरातून नानांना अभिनंदनं आली. नाना खूश झाले. मला वाटलं, हीच वेळ. शिकलेल्या माणसाला अशी वेळ ओळखता आल्याचा फार आनंद होतो. मी हलक्या आवाजात म्हणालो, "नाना, बाहेरचं रक्त आलं म्हणून जात वाचली. आता घरातल्याही..."

नानांनी चष्मा काढला. "सर, ती घोडी शे," ते म्हणाले. "ही मन्ही पोर शे."

एवढंच. चष्मा परत चढवला. मी तोंड घेऊन वर गेलो. साहित्यात रूपकं शिकवण्याची माझी हौस त्या दिवशी बरीच कमी झाली.

पावसाळा संपता संपता इंग्रिडचं एक पत्र आलं. घोड्यांची विचारपूस होती आणि खाली लिहिलं होतं: "माझी एक घोडी गाभण आहे. तिला अन्न जात नाही. सकाळी उलट्या होतात. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आहे."

मी नानांना वाचून दाखवलं आणि जीभ चावली. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या शरीराची रचनाच तशी नसते. नानांच्या नादानं मी घोड्यांवर एवढं वाचलं होतं की मला हे पक्कं ठाऊक होतं आणि नानांना माझ्याहून पक्कं ठाऊक होतं.

नानांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "विचारा, कितवा महिना."

"नाना, घोडीचा..."

"कितवा महिना, विचारा."

चौथा. त्यानंतर रोज पत्रं जाऊ लागली. घोडीनं उपाशीपोटी चहा घेऊ नये. घोडीनं जड बादली उचलू नये. घोडीनं दुचाकीवर बसू नये. मी हे सगळं शुद्ध इंग्रजीत, चेहरा सरळ ठेवून लिहीत होतो आणि पलीकडून तितक्याच सरळ चेहऱ्यानं उत्तरं येत होती, की घोडी आता बसनं कामावर जाते. काकूंनी चहा परत सुरू केला. त्यात आलंही असे.

दिवाळीच्या सुमारास नानांनी सांगितलं, "लिहा. पहिलं बाळंतपण घोडीच्या जन्मतबेल्यात करायची आमच्याकडे रीत आहे. सातव्यात पाठवून द्यावी."

उत्तर तीन दिवसांनी आलं. एकच ओळ होती. "घोडी एकटी येणार नाही. घोडा सोबत येईल आणि त्यालाही दारातून मानानं आत घ्यावं लागेल."

मी वाचलं. नाना उठून अंगणात गेले. दोन दिवस त्यांनी संगणक लावला नाही. काकू भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना दाढी करून, सदरा घालून खुर्चीत बसले. मी शेजारच्या स्टुलावर बसलो.

"लिहा," ते म्हणाले. मी वाट पाहिली. ते ओठ हलवत होते, आवाज येत नव्हता. मग एकदम म्हणाले, "सर, उठा तुम्ही."

मी उठलो. नानांनी कळफलक ओढून घेतला. एका बोटानं एकेक अक्षर शोधत ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होते. प्रत्येक अक्षराला वर बघून ते उमटलं का याची खात्री करत. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हाताला पीठ तसंच. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. 'ये बेटा. दोघे या.' खाली नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

ती दोघं आली त्या दिवशी काकू सकाळपासून चुलीशी होत्या. नाना मला म्हणाले, "सामान असेल. चला." गाडी दुपारची होती, आम्ही बरेच आधी फलाटावर जाऊन उभे राहिलो. नाना एरवी स्टेशनवर चार ओळखीचे गाठून त्यांच्या घरातली लग्नाची मुलं मोजत. त्या दिवशी एका खांबाला पाठ लावून गप्प उभे होते.

गाडी आली. मुलगी सावकाश, दांडी धरून उतरली. तिच्या मागे चष्मा लावलेला एक किडकिडीत तरुण, दोन्ही हातांत पिशव्या, पाठीवर एक. तिघं एकमेकांसमोर उभे राहिले आणि कोणालाच काय करायचं ते सुचेना. गर्दी त्यांना वळसा घालून जात होती.

"सकायपाईन काय खादं?" नाना तिला म्हणाले. सकाळपासून काय खाल्लंस.

"दोन केळी."

"फक्त?"

"पोटात मावत नाही, नाना."

नानांनी मान हलवली. तेवढ्यात जावयानं पिशव्या खाली ठेवल्या आणि तो पाया पडायला वाकला. नानांना हात कुठे ठेवावा ते कळेना. तो उठून उभा राहिला तेव्हा नाना घसा साफ करून, मी त्यांना कधीही न शिकवलेल्या इंग्रजीत म्हणाले, "जर्नी... कम्फर्टेबल?"

शिव्या किंवा अबोला अशा दोन्ही तयारीनं आलेला तो मुलगा गोंधळला. "हो नाना," तो म्हणाला. "बसायला जागा मिळाली."

नानांनी त्याच्या पायाशी ठेवलेली मोठी पिशवी उचलली. तो धावला, "अहो, राहू द्या, मी घेतो." नाना म्हणाले, "तुम्ही तिला धरा. पुढे पायऱ्या आहेत." आणि पिशवी घेऊन चालायला लागले, मागे न बघता, जरा जास्तच भराभर.

ती पायऱ्यांशी माझ्याजवळ थांबली. "तुम्ही सर ना?" ती म्हणाली. "एक विचारू? ते तुम्ही दर पत्रात 'विदर्स' लिहायचात, ते काय हो? मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आपलं 'छान आहेत' म्हणून द्यायचे."

मी सांगितलं की घोड्याच्या मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, तो. ती म्हणाली, "अच्छा," आणि हसत हसत नवऱ्याचा हात धरून खाली उतरली.

बाहेर रिक्षा एकच मिळाली. मागे ती दोघं बसली, मधे पिशव्या कोंबल्या, पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर नाना. एक पिशवी आणि मी उरलो. नाना म्हणाले, "सर, तुम्ही या मागून." रिक्षा सुटली. मग तीच पोर बाहेर डोकं काढून ओरडली, "सर, सांभाळून हं! सासूबाईंनी नारळ दिलेत!"

मी पिशवी उचलून बघितली आणि परत खाली ठेवली. मग दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर टाकली आणि चालायला लागलो. इतके महिने मी या बाप-लेकीचं बोलणं इकडून तिकडे वाहत होतो. त्या मानानं नारळ फार जड होते, पण निदान आपण काय वाहतोय ते मला ठाऊक होतं.